वाचकांचे प्रश्न : धावणारे गट आणि सामाजिक काम

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली आणि साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ साली. या स्पर्धांच्या तयारीसाठी एकत्र आलेले हौशी गट आज तालुक्याच्या गावांतही पहाटे रस्त्यावर दिसतात, आणि त्यांपैकी अनेकांना नुसते धावून समाधान होत नाही; शाळेसाठी, रुग्णांसाठी, परिसरासाठी काही करावे असे त्यांना वाटते. गेल्या अंकात आम्ही या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचा चाळीस-पंचेचाळीस जणांचा गट आहे. मागच्या वर्षी आम्ही जवळच्या गावातील शाळेच्या वर्गखोल्यांसाठी दहा किलोमीटरची दौड ठेवली. तीनशे जण धावले आणि कार्यक्रम उत्तम झाला. परंतु टी-शर्ट, पदके, नाश्ता आणि वेळ मोजणाऱ्या चिपचा खर्च वजा जाता शाळेसाठी फारच थोडे उरले. धावणाऱ्यांना आता काय सांगावे आणि पुढच्या वर्षी काय बदलावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात हिशेबाचे आकडे नाहीत, म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, प्रवेशशुल्क सहाशे रुपये ठेवले आणि तीनशे जण आले, तर एक लाख ऐंशी हजार रुपये जमा होतात. टी-शर्टचे दोनशे वीस, पदकाचे एकशे वीस, चिपचे शंभर आणि नाश्ता-पाण्याचे सत्तर असे माणशी पाचशे दहा रुपये धरले, तर एक लाख त्रेपन्न हजार तिथेच संपतात. उरलेल्या सत्तावीस हजारांतून रुग्णवाहिका, मांडव, ध्वनिक्षेपक आणि बिबची, म्हणजे धावकाने छातीवर लावायच्या क्रमांकपत्राची, छपाई करायची असते. यात कोणी अफरातफर केलेली नसते, कोणी उधळपट्टीही केलेली नसते, तरीही शाळेच्या वाट्याला काही येत नाही, कारण मुळात प्रवेशशुल्क ही धावण्याच्या सोयींची किंमत आहे आणि त्या सोयी पुरवण्यातच ती खर्च होणार हे ठरलेले आहे.

म्हणून पहिला बदल असा करावा की प्रवेशशुल्क आणि देणगी या दोन गोष्टी जाहिरातीपासूनच वेगळ्या ठेवाव्यात. मुंबई मॅरेथॉनमध्ये हेच केले जाते. स्पर्धेचे आयोजन एक कंपनी करते आणि सामाजिक निधीची बाजू युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते; धावणारी व्यक्ती आपल्या पसंतीची संस्था निवडते, आपल्या नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना आवाहन करते आणि ती देणगी त्या संस्थेच्या नावे जमा होते. लंडन मॅरेथॉनमध्ये धर्मादाय संस्थांना काही प्रवेशजागा मिळतात, आणि त्या जागेवर धावू इच्छिणाऱ्याला किमान ठरावीक रक्कम उभी करण्याचे वचन द्यावे लागते. १९८१ साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेतून आजवर एक अब्ज पौंडांहून अधिक निधी उभा राहिला आहे. तो प्रवेशशुल्कातून आलेला नाही. धावणाऱ्यांच्या ओळखीपाळखीतून, लहान लहान रकमांनी आलेला आहे. अमेरिकेत १९८८ साली रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेसाठी ३८ धावकांचा एक गट न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये उतरला आणि त्याने तीन लाख बावीस हजार डॉलर जमवले. ३८ ही संख्या आपल्या गटापेक्षाही लहान आहे, हे मुद्दाम लक्षात आणून देतो.

आपल्याकडे याचा अर्थ असा की तीनशे धावकांपैकी साठ जणांनी जरी आपापल्या ओळखीतून प्रत्येकी दोन हजार रुपये मिळवले, तरी शाळेसाठी एक लाख वीस हजार रुपये उभे राहतात. त्यासाठी प्रत्येकाच्या हाती सांगण्यासारखे काही असावे लागते. 'शिक्षणासाठी धावा' एवढ्याने कोणाचा हात खिशात जात नाही. 'अमुक गावच्या शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे बदलायचे आहेत, अंदाजपत्रक इतके आहे, आजवर इतके जमले आहेत' असे सांगितले म्हणजे जातो. मुख्याध्यापकांकडून किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडून ते अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि दौडीच्या आधीच सर्वांना पाठवावे.

दुसरा बदल टी-शर्टचा. नोंदणी करताना टी-शर्ट आणि पदक ऐच्छिक ठेवावे, हवे असेल त्याने त्याचे पैसे वेगळे भरावेत. नियमित धावणाऱ्यांच्या कपाटात असे टी-शर्ट आधीच पुष्कळ असतात आणि अनेकजण आनंदाने नको म्हणतात, असा आमचा अनुभव आहे. चिपचीही प्रत्येक दौडीला गरज नसते. जिथे क्रमांक काढायचे नाहीत तिथे मोठे घड्याळ शेवटच्या रेषेवर लावले तरी पुरते.

मागच्या वर्षीच्या धावकांना काय सांगावे, तर संपूर्ण जमाखर्च सांगावा. एका पानावर प्रत्येक रक्कम लिहून ते पान सर्वांना पाठवावे आणि पुढच्या वर्षी काय बदलणार हेही त्यातच लिहावे. लोक कमी रकमेवर रागावत नाहीत. ती कुठे गेली हे कळले नाही म्हणजे रागावतात.

प्रश्न : आमचा गट नोंदणीकृत नाही. देणग्या आम्ही एका विश्वासू सभासदाच्या खात्यावर यूपीआयने घेतो आणि नंतर एकत्र रक्कम संस्थेला देतो. देणगीदार करसवलतीची पावती मागू लागले आहेत. आमची पद्धत चुकीची आहे का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपल्या हेतूविषयी शंका नाही, परंतु ही पद्धत आपण आजच बंद करावी. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० लागू आहे. विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे जमवायचे असतील, तर त्या कायद्याच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी, आणि तिच्यामागोमाग हिशेब सादर करण्याची जबाबदारीही येते. शिवाय ज्या सभासदाच्या खात्यावर पैसे जमतात, त्याच्यावर हा मोठाच अन्याय आहे, कारण उद्या प्राप्तिकर खात्याने त्या रकमांविषयी विचारले तर स्पष्टीकरण त्या एकट्याला द्यावे लागेल.

सर्वांत सोपा मार्ग हा की पैसे आपल्या हाती येऊच देऊ नयेत. ज्या संस्थेला मदत करायची, तिचाच क्यूआर कोड बिब वाटपाच्या टेबलावर ठेवावा आणि तिच्याच खात्यात थेट देणगी जावी. ८०-जी या नावाने ओळखली जाणारी करसवलतही त्यामुळेच शक्य होते, कारण ती फक्त मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. देणगीदाराचा पॅन क्रमांक घ्यावा लागतो, संस्थेने प्राप्तिकर विभागाकडे देणगीदारांचा तपशील भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यायचे असते, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीचा पर्याय घेतलेल्यांनाही ती मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगितलेले बरे.

आणखी एक गैरसमज वारंवार दिसतो. दौडीचे प्रवेशशुल्क ही देणगी नव्हे. त्या शुल्काच्या बदल्यात धावणाऱ्याला बिब, नाश्ता, टी-शर्ट मिळतो, म्हणून त्यावर करसवलतीची पावती देता येत नाही आणि तशी देण्याचा आग्रह कोणी धरला तर तो मान्य करू नये.

प्रश्न : आमच्या गटातील काही ज्येष्ठ सभासद विचारतात की मदत करायची तर सरळ पैसे द्यावेत, त्यासाठी धावायचे कशाला? फलक धरून छायाचित्रे काढण्यापलीकडे यातून काय होते? आम्हा तरुणांना याचे नीट उत्तर देता आले नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्येष्ठांचा प्रश्न योग्य आहे, आणि अनेक दौडींच्या बाबतीत त्याला समाधानकारक उत्तर नसते हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

जिथे निधी उभारायचा आहे तिथे धावण्याला अर्थ आहे, कारण पैसे देणारा बहुतेक वेळा ज्या कामासाठी पैसे द्यायचे त्याला ओळखत नसतो, तो धावणाऱ्याला ओळखत असतो. ओळखीचा माणूस चार महिने पहाटे उठून काहीतरी कठीण करतो आहे, हे त्याने पाहिलेले असते आणि त्या कष्टाला तो मान देतो. कॅनडातील टेरी फॉक्सची हकीकत या संदर्भात सांगावीशी वाटते. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी मिळावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी तो देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून कृत्रिम पायाने धावत निघाला आणि रोज जवळजवळ एका मॅरेथॉनचे अंतर कापू लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचे कळले आणि त्याला थांबावे लागले. प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर मिळावा अशी त्याची इच्छा होती, आणि देशाची लोकसंख्या सुमारे दोन कोटी चाळीस लाख असताना फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी तेवढ्या डॉलरवर पोहोचला. त्याच वर्षी जून महिन्यात तो गेला. त्याच्या नावाने भरणाऱ्या दौडीत प्रवेशशुल्क नसते, क्रमांक नसतात आणि प्रायोजकांच्या जाहिरातींनाही थारा नसतो, कारण तशी त्याचीच अट होती. सरळ पैसे मागणारे पत्रक काढून एवढ्या लोकांपर्यंत तो पोहोचला असता, असे मला वाटत नाही.

जनजागृतीच्या दौडींबद्दल मात्र मी ज्येष्ठांच्या बाजूने आहे. दौड संपल्यावर धावणाऱ्याने दुसऱ्या दिवशी नेमके काय करायचे, हे आयोजकांना एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ती दौड जाहीरपणे सामाजिक म्हणू नये. विषय अवयवदानाचा असेल, तर बिब घेतानाच प्रतिज्ञा नोंदवण्याची सोय तिथे असावी आणि नोंदवलेली गोष्ट घरच्यांच्या कानावर घालावी असे प्रत्येकाला सांगावे, कारण प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा संमती नातेवाइकांनाच द्यावी लागते. विषय स्तनांच्या कर्करोगाचा असेल, तर तपासणी कुठे, कोणत्या वारी आणि किती खर्चात होते याचा कागद प्रत्येकीच्या हाती पडावा. मिलिंद सोमण यांच्या पुढाकाराने २०१२ साली मुंबईत सुरू झालेल्या पिंकेथॉनचे मोल मला यासाठी वाटते की कधीही न धावलेल्या स्त्रिया तिच्यासाठी साडीत का होईना, घराबाहेर पडल्या आणि आपल्या शरीराविषयी उघडपणे बोलू लागल्या.

तिसरा प्रकार असा, की त्यात धावणे हीच मदत असते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २००७ साली 'बॅक ऑन माय फीट' ही संस्था सुरू झाली. बेघरांच्या निवाऱ्यात राहणाऱ्या लोकांना घेऊन तिचे स्वयंसेवक पहाटे धावतात. महिनाभर नव्वद टक्के हजेरी टिकवणाऱ्याला नोकरी आणि घर मिळवण्यासाठी पुढची मदत केली जाते. लंडनमध्ये सुरू झालेल्या 'गुडजिम'चे सभासद धावत जाऊन एखाद्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरी पोहोचतात, थोडा वेळ गप्पा मारतात आणि धावत परततात. त्या वृद्धांना ते आपले प्रशिक्षक मानतात, कारण त्यांच्यामुळे धावणे चुकत नाही.

धावणाऱ्या गटाकडे असलेली सर्वांत मोलाची गोष्ट पैसा नाही, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहण्याची सवय आहे. समाजकार्यात पैशाइतकीच या गोष्टीची टंचाई असते. ज्येष्ठ सभासदांना हे सांगून पाहावे, आणि मुले परगावी असलेले किती वृद्ध आपल्या नेहमीच्या मार्गावर राहतात याची यादी करण्याचे काम त्यांनाच द्यावे. ते ओळखीचे असल्यामुळे दारे उघडतील. नव्या सभासदाने मात्र पहिल्या काही भेटी जुन्या सभासदाबरोबरच द्याव्यात आणि कोणीही एकट्याने जाऊ नये.

प्रश्न : आम्हाला दृष्टिहीन व्यक्तींना आमच्या गटात धावण्यासाठी आमंत्रित करायचे आहे. सुरुवात कशी करावी? आमच्यापैकी कोणालाच याचा अनुभव नाही.
— एक वाचिका, पुणे

उत्तर : आपल्या पत्राने मनापासून आनंद झाला. न्यूयॉर्कमध्ये अकिलीस हा अपंग धावकांचा क्लब १९८३ साली सुरू झाला, तेव्हापासून सोबत धावणाऱ्या मार्गदर्शकांची पद्धत जगभर चांगली रुळली आहे. २०२४ सालच्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्माने २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा तिच्याबरोबर अभय सिंग हा मार्गदर्शक धावत होता. दोघांच्या हातांतली छोटी पट्टी अनेकांनी त्या दिवशी प्रथमच पाहिली असेल.

साधन एवढेच लागते : दोन टोकांना फास असलेली, हातभरापेक्षा लहान दोरी किंवा मऊ पट्टी. एक फास धावकाच्या बोटांत आणि दुसरा मार्गदर्शकाच्या. दोघांचे शेजारचे हात एकाच लयीत हलले पाहिजेत, म्हणजे मार्गदर्शकाचा उजवा हात पुढे जाताना धावकाचा डावा हातही पुढे जायला हवा. सुरुवातीला हे चालत चालत करून बघावे. दोरीने ओढायचे नाही, ढकलायचे नाही. वेग धावकाने ठरवायचा आणि मार्गदर्शकाने पाळायचा. स्पर्धेच्या नियमांतही हेच आहे. शेवटच्या रेषेवर मार्गदर्शक धावकाच्या पुढे गेला तर धावक बाद ठरू शकतो. म्हणून मार्गदर्शक त्या धावकापेक्षा अंमळ वेगवान असावा लागतो, कारण त्याला धावता धावता सतत बोलायचेही असते.

काय बोलायचे, हे आपल्या रस्त्यांवर विशेष महत्त्वाचे आहे. 'सांभाळा' म्हटल्याने काहीच कळत नाही. 'दहा पावलांवर गतिरोधक', 'डावीकडे वळण, आता', 'पुढे चढ, शंभर मीटर', 'गटाराचे झाकण, उजवीकडे सरकू' असे नेमके आणि वेळेआधी सांगावे. सुरुवातीला रस्ता टाळून मैदानावरचा किंवा विद्यापीठासारख्या मोठ्या आवारातला सपाट मार्ग निवडावा. मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून दुसऱ्याच्या भरवशावर अर्धा किलोमीटर धावून बघावे. सूचना किती उशिरा येतात हे तेव्हाच समजते.

प्रत्यक्षात अडचण धावण्याची नसते, मैदानापर्यंत येण्याची असते. पहाटे साडेपाचला बस नसते, रिक्षा परवडत नाही आणि अनोळखी रस्ता एकट्याने पार करणे धोक्याचे असते. म्हणून आमंत्रण देण्याआधी कोण कोणाला घरून किंवा वसतिगृहातून घेऊन येणार आणि परत सोडणार, याचे वेळापत्रक करावे. एका धावकामागे किमान दोन मार्गदर्शक ठरवावेत, म्हणजे एक आजारी पडला तरी रविवार चुकणार नाही. दृष्टिहीन धावकाशी बोलताना थेट त्याच्याशीच बोलावे. 'यांना पाणी हवे का?' असे सोबतच्याला विचारले जाते, ते फार लागते. आणि कृपा करून पहिल्याच दिवशी छायाचित्रकार बोलावू नये. छायाचित्र काढायचेच असेल तर त्या व्यक्तीला विचारून, काही आठवड्यांनंतर, गटातल्या इतरांसारखेच काढावे.

धावण्याची गोडी लागली की काही जणांना स्पर्धेत उतरावेसे वाटेल. अशा वेळी आयोजकांना महिनाभर आधी लिहून मार्गदर्शकासाठी विनाशुल्क बिब आणि सुरुवातीच्या गर्दीत पुढची जागा मागावी.

प्रश्न : गटाच्या वर्धापनदिनी सकाळी दहा किलोमीटर धावून लगेच रक्तदान शिबिर घ्यावे, असा विचार आहे. यात वैद्यकीय अडचण आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आहे, आणि म्हणून या दोन गोष्टी एका दिवशी ठेवू नयेत. धावल्यानंतर शरीरातील पाणी कमी झालेले असते. त्यात ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त काढले तर चक्कर येऊन पडण्याची शक्यता वाढते. उलट क्रमाने, म्हणजे रक्तदानानंतर धावणे, तेही त्या दिवशी टाळलेच पाहिजे. रक्तातील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, परंतु तांबड्या पेशी पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात आणि तोवर धावण्याचा वेग थोडा कमी राहतो. मोठी स्पर्धा दोन महिन्यांवर आली असेल त्याने रक्तदान स्पर्धेनंतर करावे. वय किमान १८, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे, पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे, हे नियम रक्तपेढी पाहतेच. तरी भरपूर धावणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी असू शकते, म्हणून कोणाला रक्तपेढीने नकार दिला तर गटाने त्याची थट्टा करू नये, डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे.

याहून चांगली सूचना करतो. आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत असतो, आणि रक्ताचा तुटवडा उन्हाळ्यात, महाविद्यालयांना सुट्टी लागल्यावर जाणवतो. म्हणजे धावकांना रक्तदान सोयीचे असते नेमके तेव्हाच रक्तपेढ्यांना ते हवे असते. त्यातही सर्वांनी एकाच दिवशी रक्त देण्याऐवजी रक्तपेढीशी बोलून दर आठवड्याला चार-पाच जणांच्या पाळ्या लावाव्यात, कारण साठवलेल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतच असते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील काही मराठी कुटुंबे एकत्र धावतो. मराठवाड्यातील एका संस्थेसाठी येथील अर्धमॅरेथॉनच्या निमित्ताने निधी जमवायचा आहे. आमच्यापैकी काहींकडे भारतीय पारपत्र आहे, काहींनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे. पैसे संस्थेच्या खात्यावर थेट पाठवता येतील का?
— एक वाचिका, एडिसन

उत्तर : आपण पारपत्राचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. भारताच्या २०१० सालच्या परकीय अंशदान नियमन कायद्यानुसार परदेशी नागरिकाने दिलेली देणगी ही परकीय देणगी ठरते, मग तो जन्माने मराठी असो आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते ओळखपत्र) असो. अशी देणगी घेण्यासाठी संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी असावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी मात्र परकीय धरली जात नाही. तथापि त्याच व्यक्तीने अमेरिकन सहकाऱ्यांकडून जमवलेले पैसे आपल्या नावाने पाठवणे योग्य नव्हे, कारण त्या पैशाचा उगम परकीय आहे.

म्हणून आधी संस्थेला विचारावे की ही नोंदणी आहे का आणि तिची मुदत चालू आहे का. नसेल, तर परकीय ठरणाऱ्या देणगीतला एकही डॉलर पाठवू नये. आपल्या सद्भावनेमुळे संस्थाच अडचणीत येईल. अमेरिकेतील करसवलत हवी असेल तर देणगी तेथील कलम ५०१(सी)(३) खाली मान्यता असलेल्या संस्थेलाच द्यावी लागते, भारतातील संस्थेला थेट दिलेली चालत नाही. १९७८ पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या तेथील संस्थेशी बोलावे. महाराष्ट्रातील कामांना मदत पोहोचवण्याचा तिला दीर्घ अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या स्वच्छता दौडीनंतर रस्त्यावर सर्वांत जास्त कचरा आमच्याच पाण्याच्या पेल्यांचा होता. लोकांनी नावे ठेवली. काय करता येईल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पेले वाटूच नयेत. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर बंदी आहे, आणि कागदी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पेल्यांनाही आतून प्लास्टिकचा थर असतो. नोंदणीच्या वेळीच स्पष्ट लिहावे की प्रत्येकाने स्वतःची बाटली आणायची आहे. मार्गावर दर अडीच किलोमीटरला नळाची टाकी ठेवली की ती भरून घेता येते. विसरणाऱ्यांसाठी स्टीलचे पेले आणि ते विसळायला दोन स्वयंसेवक पुरतात. ज्यांना वेळ नोंदवायची आहे ते कुरकुर करतील, परंतु आपली दौड स्वच्छतेसाठी असेल तर तिथे वेळ मोजण्याचे कारणच नाही.

धावता धावता कचरा उचलण्याची पद्धत स्वीडनमध्ये २०१६ च्या सुमारास एरिक आलस्ट्रॉम यांनी रुजवली, आणि पुण्यात 'पुणे प्लॉगर्स' हा गट ते काम नेमाने करतो. आपणही वर्षातून एका दौडीऐवजी महिन्यातून एक रविवार आणि एकच ठरलेला टापू घ्यावा. जाड हातमोजे द्यावेत, काच आणि सुया उचलायच्या नाहीत हे आधी सांगावे, आणि गोळा केलेला कचरा ओला-सुका वेगळा करून महापालिकेची घंटागाडी कुठे आणि किती वाजता घेईल हे विभागीय कार्यालयात आदल्या आठवड्यातच ठरवून घ्यावे, नाहीतर भरलेली पोती दोन दिवस चौकात पडून राहतात आणि मोकाट जनावरे ती फोडतात.